टाचा, टाय आणि टक्कल

ऑफिसातला पोशाखाचा एखादा नियम कामाचा आहे की नुसता दिखाऊ, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. बायकांसाठीचा नियम उचलायचा आणि पुरुषाला लावून पाहायचा. पुरुषांचा बाईला लावून पाहायचा. ऐकणारे खो-खो हसले, तर समजावं की नियमाचा कामाशी संबंध नाही. तो बघणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये हा प्रयोग खरोखरच झाला. निकोला थॉर्प ही तरुणी एका बड्या हिशेबनीस कंपनीच्या स्वागतकक्षात हंगामी रिसेप्शनिस्ट म्हणून पहिल्याच दिवशी सपाट बुटांत हजर झाली. तिला सांगण्यात आलं, टाच दोन ते चार इंचांची हवी. तिने विचारलं, पुरुष सहकाऱ्यांनाही हाच नियम आहे का? समोरचे हसले. तिने टाचा घालायला नकार दिला आणि तिला बिनपगारी घरी पाठवण्यात आलं. पुढे तिच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि ब्रिटिश संसदेच्या दोन समित्या चक्क टाचांची चौकशी करायला बसल्या. शेकडो बायकांनी आपापले अनुभव कळवले. कुणाला केस सोनेरी रंगवायला सांगितलं होतं, कुणाला लिपस्टिक सारखी ताजी करायला. जानेवारी २०१७ मध्ये अहवाल आला, मार्चमध्ये संसदेत चर्चा झाली आणि सरकारने निष्कर्ष काढला की आहे तोच कायदा पुरेसा आहे. त्याच वर्षी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपिन्सने मात्र टाचांची सक्ती सरळ बंद करून टाकली. फिलिपिन्समध्ये मॉलमधल्या विक्रेत्या मुली दिवसभर टाचांवर उभ्या असत. तिथल्या कामगार खात्याला लांबलचक अहवालाची गरज वाटली नाही.

मुळात टाच कुणाची?

पुरुषाची. घोड्यावर बसून बाण मारायचा तर पाय रिकिबीत घट्ट अडकायला हवा, म्हणून इराणी घोडेस्वारांच्या बुटांना टाच असे. सतराव्या शतकात ती युरोपातल्या उमरावांनी उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचांचा इतका शौकीन, की लाल टाच हे त्याच्या दरबारातल्या वजनदार माणसाचं लक्षणच होऊन बसलं. पुढे पुरुष टाचेवरून खाली उतरले आणि ती बायकांच्या पायात राहिली. घोडा गेला, रिकीब गेली. स्वागतकक्षात बसून फोन घ्यायला ती का लागते, हे अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा या अभिनेत्री-लेखिकेने टाचांच्या सक्तीविरुद्ध मोहीम उघडली. तेव्हाचे कामगारमंत्री ताकुमी नेमोतो संसदेत म्हणाले, समाजाला जे कामासाठी आवश्यक आणि योग्य वाटतं त्या मर्यादेत ते चालायचंच. ते स्वतः सपाट बुटांत होते, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी जपान एअरलाइन्सने हवाई सुंदरींना सपाट बूट आणि पँटची मुभा दिली. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट बाहेर आली. तिथल्या काही नोकऱ्यांमध्ये बायकांनी चष्मा लावायचा नाही, असा दंडक होता. चष्म्यामुळे बाई रुक्ष दिसते म्हणे. पुरुषांच्या चष्म्यामुळे ते बहुधा विद्वान दिसत असावेत.

स्कर्ट घातलेले ड्रायव्हर

आता उलटी बाजू. जून २०१७, फ्रान्समधलं नांत शहर. पारा अडतीसच्या आसपास. बसच्या भल्यामोठ्या काचेमागे बसलेल्या पुरुष ड्रायव्हरांना अर्ध्या चड्डीची परवानगी नव्हती. बायका ड्रायव्हरांना स्कर्ट चालत होता. मग काही ड्रायव्हर कंपनीच्याच गणवेशातला स्कर्ट घालून कामावर आले. केसाळ पोटऱ्या, वर इस्त्रीचा शर्ट. फोटो जगभर गेले.

ही कल्पनाही नवी नव्हती. स्टॉकहोमजवळच्या रोसलाग्सबानन रेल्वेच्या पुरुष चालकांनी २०१३ च्या उन्हाळ्यात हेच केलं होतं. तिथल्या कंपनीचं उत्तर फार आवडण्यासारखं आहे: पुरुषाला स्कर्ट घालायचा असेल तर खुशाल घालू दे, त्याला नाही म्हणणं हा भेदभाव होईल. चड्डीला मात्र आधी नकारच होता! इंग्लंडमध्ये २०१७ च्याच उन्हाळ्यात एका कॉल सेंटरमधल्या तरुणाला चड्डीवरून घरी पाठवलं, तर तो आईचा गुलाबी-काळा ड्रेस घालून परत आला. दुपारपर्यंत पुरुषांना गुडघ्याखालपर्यंतची चड्डी चालेल असा निरोप निघाला. रंग मात्र काळा, निळा किंवा फिकट तपकिरीच हवा. शिस्तीने शेवटपर्यंत शेपूट सोडलं नाही.

निकोलाला पाहून हसले तेव्हा ती घरी गेली. या पुरुषांना पाहून लोक हसले तेव्हा नियम वितळला. दोन्हीकडे हसू तेच.

पँटीचा परवाना

पॅरिसमध्ये नोव्हेंबर १८०० मध्ये पोलिसांनी हुकूम काढला की ज्या बाईला पुरुषी कपडे घालायचे असतील तिने पोलीस ठाण्यात जाऊन परवाना घ्यावा. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागे. रोझा बोनर ही चित्रकार घोडे आणि गुरं रंगवायची. घोडेबाजारात आणि कत्तलखान्यात घोळदार झगा घालून उभं राहणं म्हणजे चिखल, रक्त आणि टोमण्यांना आमंत्रण. म्हणून तिने परवाना काढला. तिचा १८५७ मधला परवाना आजही टिकून आहे. दर सहा महिन्यांनी नूतनीकरण, आणि नाटक, नाचगाणी किंवा जाहीर समारंभाला ते कपडे घालून जायची बंदी. म्हणजे पँट फक्त कामापुरती, मिरवायला नाही. ‘द हॉर्स फेअर’ हे तिचं भलंमोठं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. उधळलेल्या घोड्यांच्या त्या गर्दीत उभं राहून रेखाटनं करायला कोणते कपडे लागले असतील, ते चित्रच सांगतं.

पुढे १८९२ आणि १९०९ साली या हुकमात दोन सवलती आल्या: बाईच्या हातात घोड्याचा लगाम असेल किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. आणि हुकूम मेला कधी? कागदोपत्री तो ३१ जानेवारी २०१३ रोजी गेला. महिला हक्कमंत्री नजात वालो-बेल्कासेम यांनी तो राज्यघटनेशी विसंगत म्हणून केव्हाच रद्द झाल्यात जमा आहे, असं जाहीर केलं. तोवर पॅरिसमधल्या निम्म्या वकील, डॉक्टर आणि मंत्रीणबाई रोज सकाळी कपाट उघडून गुन्हा करत होत्या.

अमेरिकेने याबाबत फ्रान्सला हसू नये. तिथल्या सिनेटच्या सभागृहात बायकांनी पँट घालायची नाही, हा अलिखित दंडक १९९३ पर्यंत होता. बार्बरा मिकुल्स्की आणि कॅरल मोझली ब्राउन या दोघी सिनेटर पँट घालून आत शिरल्या, तेव्हा तो मोडला. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तोवर चोवीस वर्षं झाली होती.

इंग्लंडच्या बॅरिस्टरांची गोष्ट आणखी मजेशीर. बायकांना वकिलीचं दार उघडलं, आणि १९२२ मध्ये न्यायाधीश आणि ज्येष्ठ बॅरिस्टरांची समिती बसली. विषय, बाईने कोर्टात काय घालायचं. निर्णय असा, की पुरुषांचाच घोड्याच्या केसांचा टोप, पण तो असा बसवायचा की तिचे स्वतःचे केस अजिबात दिसता कामा नयेत. पुरुषांच्या टोपाखालून डोकावणाऱ्या केसांची काळजी कुणाला वाटली नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी नेमक्या याच सुमारास, १९२३ साली, लंडनमध्ये बॅरिस्टर झाल्या. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या १८९२ मध्येच देऊन मोकळ्या झाल्या होत्या. एकोणिसाव्या शतकातल्या या बाईला डोक्यावर टोप चढायला विसावं शतक उजाडावं लागलं. इंग्लंडच्या कोर्टात महिला बॅरिस्टरांना पँट मिळाली ती १९९५ मध्ये.

काष्ट्याचा मुद्दा

पँटीवरून युरोप-अमेरिकेत एवढं रामायण चालू असताना आपल्याकडे काय होतं? धोतर आणि नऊवारी. दोन्हींना कासोटा. दोन्ही न शिवलेली, दोन्हींत पाय मोकळे, दोन्ही घालून चिखलात भातलावणी करता येते, घोड्यावर बसता येतं, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन ससून डॉकवर पळता येतं. कामाच्या कपड्यांत स्त्री-पुरुषांत इतकं कमी अंतर असलेली उदाहरणं जगात फार नसतील. (घरकामाच्या वाटणीबद्दल मात्र हे बोलू नये.)

मग विसावं शतक आलं. पाचवारी ‘सुधारलेली’ ठरली, नऊवारी ‘जुन्या वळणाची’. बाई शिकली, शाळेत शिक्षिका झाली, कचेरीत टायपिस्ट झाली आणि गोल साडीत तिचे पाय एकत्र बांधले गेले. लोकल पकडताना निऱ्या मुठीत धरून धावणाऱ्या बाईला तिची पणजी पाहती, तर कपाळाला हात लावती.

परदेशी कामावर भारतीय कपडे, हा तर आनंदीबाई जोशींनी केव्हाच निकालात काढलेला प्रश्न. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. साडीत आनंदीबाई, किमोनोत जपानच्या केइको ओकामी आणि आपल्या देशी पोशाखात सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघींनी वैद्यकीचं पाश्चात्त्य शिक्षण घेतलं, कपडे मात्र घरचे ठेवले.

कामाच्या कपड्यांचा हिशेब सावित्रीबाईंनाही चुकला नव्हता. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या जादा साडी बरोबर नेत, असं सांगितलं जातं. शाळेत पोचल्यावर बदलायला.

आणि मराठी रंगभूमीवर तर एक काळ असा होता, की साडी हा पुरुषांचा गणवेश होता. बायकांना नाटकात उभं राहायची बंदी, म्हणून नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, भरजरी शालू नेसून भामिनी आणि सिंधू होत. प्रेक्षागृहातल्या बायका त्यांची साडी नेसण्याची ढब, दागिने, केसांतलं फूल न्याहाळून घरी जाऊन तसंच करत. बायकांनी कसं दिसावं हे पुरुषाने ठरवण्याचं हे बहुधा जगातलं सर्वात सुरेल उदाहरण.

शासन निर्णय आणि चपला

आता मंत्रालयात येऊ. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचं परिपत्रक काढलं. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, स्लीपर नको. शुक्रवारी खादी. बायकांना साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, ट्राउझर आणि त्यावर कुर्ता किंवा शर्ट, गरजेप्रमाणे दुपट्टा. पुरुषांना शर्ट-पँट. पण खरी गंमत पायाशी आहे: बायकांना चपला, सँडल आणि बूट असे तीन पर्याय, पुरुषांना बूट आणि सँडल एवढेच. कोल्हापूरच्या पुरुष कर्मचाऱ्याने आपल्याच गावची चप्पल घालून मंत्रालयात यावं की नाही, हा प्रश्न त्यामुळे खुला राहिला. लिंगभेदाविरुद्ध पुरुषांना मोर्चा काढायचा असता तर ही सुवर्णसंधी होती. पण अनवाणी मोर्चाला कोण येणार?

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांचा नंबर लागला. शिक्षिकांना साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. शिक्षकांना शर्ट-पँट आणि शर्ट ‘इन’ केलेला. जीन्स, टी-शर्ट, भडक रंग, नक्षीचे कपडे वर्ज्य. ज्या शाळांत छत गळतं, तिथे शिक्षकाचा शर्ट तरी आत असावा, ही अपेक्षा फार नाही म्हणायची.

केरळने नोव्हेंबर २०२१ मध्ये उलट दिशा धरली. शिक्षिकांवर साडीची सक्ती करू नये, असं तिथल्या उच्च शिक्षण खात्याने सांगितलं. खुद्द मंत्री आर. बिंदू याही प्राध्यापिका होत्या. स्कूटरवर साडी सांभाळण्याचा विषय त्यांना अहवालातून कळवावा लागला नसणार. तमिळनाडूने २०१९ मध्ये सचिवालयातल्या पुरुषांना शर्ट-पँटबरोबर वेष्टीही चालेल असं लिहून दिलं. धोतराला सरकारी कचेरीत लेखी मान मिळण्याचा हा दुर्मीळ योग. आणि महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक राहिलेले सुबोध जयस्वाल २०२१ मध्ये सीबीआयचे संचालक झाले, तेव्हा त्यांनीही जीन्स, स्पोर्ट्स शूज आणि टी-शर्टवर गदा आणली. पुरुषांनी दाढी करून यावं, हेही त्यात आलं. वेशांतर करून फिरणाऱ्या गुप्तहेरांच्या आपल्या कल्पनेला तिथेच सुरुंग लागला.

चेहऱ्याचा हिशेब

नेवाडातल्या रीनो शहरात डार्लिन जेस्परसन एका कॅसिनोत वीस वर्षं बार सांभाळत होती. ग्राहक खूश, मालक खूश. २००० साली कंपनीने नवा नियम आणला. बायकांनी पावडर, गालांना लाली, मस्कारा आणि लिपस्टिक लावायलाच हवी, केस फुलवलेले किंवा कुरळे केलेले हवेत. पुरुषांनी चेहऱ्याला काही लावू नये आणि केस कॉलरच्या वर ठेवावेत. जेस्परसनला रंगरंगोटी जमेना. तिचं म्हणणं, अशाने दारू प्यायलेल्या ग्राहकाला दटावायला जीव राहत नाही. नोकरी गेली. ती कोर्टात गेली आणि २००६ मध्ये अपील कोर्टात सात विरुद्ध चार मतांनी हरली. मेकअपला पुरुषांपेक्षा जास्त वेळ आणि पैसा लागतो याचा पुरावा तिने दिला नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. पुरावा म्हणून बहुधा लिपस्टिकची पावती जोडायला हवी होती.

विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ॲलेक्स कोझिन्स्की यांनी नेमकी आपली युक्ती वापरली. उद्या सगळ्या न्यायाधीशांनी पावडर, लाली, मस्कारा आणि लिपस्टिक लावूनच आसनावर बसावं असा नियम निघाला तर, असं त्यांनी विचारलं. आपल्याला तो जाचक आणि अपमानास्पद वाटेल, असंही लिहून टाकलं. वाक्य टाळ्यांचं होतं. हेच कोझिन्स्की २०१७ मध्ये महिला सहकाऱ्यांशी गैरवर्तनाचे आरोप झाल्यावर निवृत्त झाले. लेखी न्याय आणि वागणुकीतला न्याय यांत असं अंतर पडतं कधीकधी.

जेस्परसनच्या सतरा वर्षं आधी ॲन हॉपकिन्स जिंकली होती, हे विशेष. एका बड्या लेखा कंपनीत तिने कोट्यवधींचं काम मिळवून दिलं, पण भागीदारी नाकारली गेली. सल्ला मिळाला: जरा बायकी चाल, बायकी बोल, मेकअप कर, केस सेट कर, दागिने घाल. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा साचेबंद अपेक्षा हाही भेदभावच, असं ठरवलं. मग कॅसिनोत लाली सक्तीची कशी? वकील लोक अजून वाद घालतात.

व्हर्जिन अटलांटिकने मार्च २०१९ मध्ये हवाई सुंदरींची मेकअपची सक्ती काढून टाकली. आपली एअर इंडिया त्याच्या पुढे गेली: तिने पुरुषांनाही जाळ्यात घेतलं. २०२२ च्या अखेरीस तिची नवी नियमावली बातम्यांत आली. बायकांची टिकली अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, मोत्याचे कानातले नकोत. आणि पुरुषांचे केस विरळ झाले असतील तर पूर्ण टक्कल करून टाकायचं, तेही रोजच्या रोज. पांढरे केस दिसले तर कलप. टकलावर आडवे केस ओढून बसवायची जी कला भारतीय पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, तिचा असा एका फटक्यात निकाल लागला. हवाई सुंदरींना मात्र यात नवीन काही वाटलं नसावं. एअर इंडियाचा जुना नियम पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपवणारा होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. डिसेंबर २०२३ मध्ये डिझायनर मनीष मल्होत्रांनी केलेला हवाई सुंदरींचा नवा गणवेश आला. त्यातली साडी शिवलेली आहे आणि हवी तर आत पँट घालता येते. म्हणजे वळसा घालून शेवटी पाय मोकळे झालेच.

पुरुषांनी लढलेली एक लढाई

१९७१ सालापासून अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइन्सच्या सुंदरी आखूड चड्डी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पेयं वाटत. कंपनीचा दावा असा, की आमचा धंदाच ‘प्रेमा’वर चालतो, म्हणून पुरुषांना आम्ही घेणारच नाही. नाकारलेल्या शंभराहून जास्त पुरुषांनी दावा लावला. १९८१ मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशाने सांगितलं, तुमचा धंदा लोकांना एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोचवण्याचा आहे. मादक दिसणं हा विमान उडवण्याचा आवश्यक भाग नाही. पुरुषांना नोकरी मिळाली. बायकांना त्यांच्यामुळे पँट मिळायचा रस्ता मोकळा झाला. उपकाराची परतफेड म्हणून बायकांनी टायच्या खटल्यात मदत करायला हरकत नव्हती: इंग्लंडच्या स्टॉकपोर्टमधल्या सरकारी रोजगार केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने २००३ मध्ये दावा केला होता, की बायका टी-शर्टात येतात आणि मला मात्र कॉलर-टाय. पहिल्या फेरीत तो जिंकला, अपिलात प्रकरण फेरविचारासाठी परत गेलं. न्यूझीलंडमध्ये मात्र टायची शिकार थेट संसदेत झाली. माओरी पक्षाचे राविरी वाइतिती यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये टाय नाही म्हणून सभागृहाबाहेर काढलं. त्यांच्या गळ्यात टायऐवजी माओरी पदक होतं. काही दिवसांत नियमच गेला.

तोच सूट, रोज

ऑस्ट्रेलियातला टीव्ही निवेदक कार्ल स्टेफानोविक वर्षभर रोज एकच निळा सूट घालून सकाळच्या कार्यक्रमात बसला. एकाही प्रेक्षकाचं पत्र आलं नाही. शेजारी बसणाऱ्या लिसा विल्किन्सनला कपड्यांवरून रोज टोमणे येत. २०१४ मध्ये त्याने ही गोष्ट फोडली. मला माझ्या मुलाखतींवर जोखतात आणि बायकांना कपड्यांवर, असा त्याचा मुद्दा. सूटचा वास येऊ लागला होता का, हे त्याच्या सहनिवेदिकेलाच ठाऊक.

सगळ्यात जाडजूड नियमावलीचा मान स्विस बँक यूबीएसला. २०१० मधली ती पुस्तिका चव्वेचाळीस पानांची होती. अंतर्वस्त्रं त्वचेच्या रंगाची हवीत, लसूण-कांदा खाऊन येऊ नये, टायची गाठ चेहऱ्याच्या ठेवणीला शोभेशी असावी. जग हसल्यावर बँकेने ती आटोपती घेतली. उलट टोक जनरल मोटर्सचं: मेरी बारा मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख असताना त्यांनी दहा पानी नियमावली फाडून तिथे इंग्रजीत दोन शब्द लिहिले. साजेसे कपडे घाला, एवढाच त्याचा अर्थ. पुढे त्या त्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या.

खिसा, थंडी आणि अंतराळ

२०१८ मधल्या एका मोजणीनुसार बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि ६.५ टक्के अरुंद असतात. नऊवारीवाल्या आजीची कनवटी याहून ऐसपैस होती. त्यात सुपारी, सुटे पैसे आणि किल्ल्या एका वेळी मावत.

ऑफिसातला एसी कोण ठरवतो? २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवलं, की इमारतींच्या तापमानाचं गणित साठच्या दशकात चाळीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषावर बेतलेलं आहे. त्यात बायकांच्या शरीरातली उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते. वर कोट-टायवाला साहेब. वांद्रे-कुर्ला संकुलात भर मे महिन्यात जा: बाहेर घामाच्या धारा आणि आत बायकांच्या खुर्च्यांवर शाली. जपानच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी २००५ मध्ये पुरुषांचे टाय उतरवले आणि एसी २८ अंशांवर आणला. वीज वाचली, आणि बायकांच्या शालीही घरी राहिल्या असाव्यात. बांगलादेशात २००९ मध्ये शेख हसीनांनीही पुरुष अधिकाऱ्यांना सूट घालू नका असं सांगितलं, वीज वाचवायलाच.

कपडे बेतायला घेतलेलं माप पुरुषाचं असलं की काय होतं, ते पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवर सर्वात ठळक दिसलं. मार्च २०१९ मध्ये नासाच्या ॲन मक्लेन आणि क्रिस्टिना कोक या दोघी अंतराळस्थानकाबाहेर चालणार होत्या. फक्त बायकांची पहिलीच फेरी. पण अंतराळपोशाखाचा मध्यम मापाचा वरचा भाग तयार स्थितीत एकच होता. फेरी बदलावी लागली. ती अखेर १८ ऑक्टोबरला कोक आणि जेसिका मीर यांनी पार पाडली. याच नासाने १९८३ मध्ये सॅली राइडला आठवड्याभराच्या मोहिमेसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं विचारलं होतं, आणि मेकअपचा खास संच बनवायलाही घेतला होता.

मैदान हेही ऑफिसच

बीच हँडबॉलच्या नियमांत पुरुषांना गुडघ्याच्या वरपर्यंतची चड्डी आणि बायकांना बिकिनी. बाजूची पट्टी दहा सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, असंही लिहिलेलं. जुलै २०२१ मध्ये नॉर्वेच्या मुली चड्डी घालून खेळल्या आणि त्यांना पंधराशे युरो दंड झाला. गायिका पिंकने तो भरायची तयारी दाखवली, आणि वर्ष संपायच्या आत नियम बदलला. बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेने २०११ मध्ये बायकांना स्कर्ट सक्तीचा करायचं ठरवलं होतं, कारण खेळ आकर्षक दिसायला हवा म्हणे. ओरड झाली, गुपचूप मागे घेतलं.

बुद्धिबळात तर अंगच हलत नाही, तरी कपड्यांचा वाद आहेच. डिसेंबर २०२४, न्यूयॉर्क, जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धा. मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला. दोनशे डॉलर दंड, बदलून ये असा हुकूम. त्याने ‘आज नाही बदलणार’ म्हणत स्पर्धाच सोडली. दोन दिवसांत संघटनेने नियम सैल केला, तो परतला, पुढच्या ब्लिट्झ स्पर्धेत इयान नेपोम्नियाचीसोबत जेतेपद वाटून घेतलं आणि ती जीन्स पुढे लिलावात छत्तीस हजार शंभर डॉलरना विकली. पैसे मुलांच्या मदतकार्याला गेले.

याच खेळात, सहा वर्षं आधी, पुण्याची सौम्या स्वामिनाथन. २००९ ची मुलींची ज्युनिअर विश्वविजेती. आशियाई सांघिक स्पर्धेसाठी तिने होकार दिला तेव्हा ठिकाण बांगलादेश होतं. स्पर्धा मग इराणच्या हमदानला हलली, आणि तिथे बायकांना डोक्यावर रुमाल सक्तीचा. सौम्याने जून २०१८ मध्ये संघातून नाव मागे घेतलं. तिच्यासाठी नियम कुणी सैल केला नाही. स्पर्धा तिच्याशिवाय पार पडली.